सहा फुटी टाकीचा फिल्टर: संप बसवतानाच्या नोंदी

४ मे २०२४

माशांची टाकी ठरली: ६ × २ × २ फूट, १२ मिमी साधी काच. टफन्ड मुद्दाम नाही. टफन्ड काचेला नंतर भोक पाडायला गेलं की अख्खी काच चुरा होऊन खाली येते. आतलं माप १८० × ५८.५ सेंमी, पाणी ५५ सेंमीपर्यंत. दगड-लाकूड वजा जाता ५६५ लिटर धरले. ठिकाण पुणे, तळमजला, पाणी महापालिकेचं.

पाणी, काच, दगड, स्टँड आणि खालची फिल्टरची टाकी मिळून वजन ९०० किलोच्या घरात जातं, तेही साधारण एका चौरस मीटरवर. घरगुती स्लॅबचा हिशेब चौरस मीटरला २०० किलोने केलेला असतो. वरच्या मजल्यावर ठेवणार असाल तर बीम कुठून जातो ते इंजिनिअरला विचारल्याशिवाय काचवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नका.

मासे: ४ ऑस्कर, ८ सिल्व्हर डॉलर, २ प्लेको. पूर्ण वाढीला रोज अंदाजे २५ ग्रॅम गोळी खाद्य, ४० टक्के प्रथिनांचं. मत्स्यशेतीतला ढोबळ गुणाकार असा: खाद्य × प्रथिनांचा अंश × ०.०९२. म्हणजे रोज ०.९२ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन (मासे पाण्यात सोडतात तो विषारी अमोनिया, त्यातल्या नायट्रोजनच्या वजनात); फिल्टरमधल्या जिवाणूंनी तो खायचा असतो. फिल्टरच्या खोक्यावरचा ‘लिटर पर अवर’ वाचण्याआधी हा आकडा कागदावर हवा. पुढचे सगळे निर्णय त्याच्यावर आहेत.

९ मे

पर्याय एकेक करून खोडले.

अंडरग्रॅव्हल (वाळूखाली भोकांची प्लेट, पाणी वाळूतून खाली ओढायचं): ऑस्कर वाळू उकरतात. प्लेट एका कोपऱ्यात उघडी पडली की सगळं पाणी तिथूनच जातं, बाकीची वाळू नुसती बसून सडते. बाद.

एअर पंपावरचे स्पंज: अमोनियाला चांगले, पण ऑस्करची विष्ठा उचलत नाहीत. मुख्य फिल्टर म्हणून बाद. एक स्पंज मात्र कायम चालू ठेवायचा, आजारी माशाच्या वेगळ्या टाकीसाठी तयार फिल्टर मिळतो.

टॉप फिल्टर (टाकीच्या वर ठेवायचे गाळणीचे ट्रे): स्वस्त, साफ करायला सोपा. पण सहा फुटी टाकीवर ट्रे लहान पडतात आणि दिव्याची जागा जाते.

कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर): इथे खरा विचार करावा लागला. या टाकीला एक पुरत नाही, दोन लागतात. ज्यांचे भाव काढले ते प्रत्येकी ₹१३,५०० ला. आवाज नाही, वीज गेली तरी पाणी बाहेर येत नाही, या जमेच्या बाजू खऱ्या. अडचण साफसफाईची. ऑस्करच्या टाकीत कॅनिस्टर दर पंधरवड्याला उघडावा लागतो. नळ्या काढा, डबा मोरीत न्या, ओ-रिंग पुसा, परत हवा काढा, एकेकाला ४० मिनिटं. व्यवहारात ते काम दीड-दोन महिने पुढे ढकललं जातं आणि तोवर अडकलेली घाण आतच विरघळत राहते. दुसरं, डबा बंद असल्याने वीज तीन-चार तास गेली की आतला प्राणवायू संपतो. वीज आल्यावर पहिला लोंढा कुजक्या पाण्याचा, थेट माशांच्या तोंडावर.

संप (कामगारांचा नव्हे; मोठ्या टाकीखाली ठेवायची फिल्टरची टाकी, वरचं पाणी तिथे उतरून गाळलं जातं आणि पंपाने परत वर जातं): स्वस्त, मोठा, झाकण उचललं की सगळं हाताशी. तोटे तीन: आवाज, बाष्पीभवन, आणि वीज गेल्यावर पाणी जमिनीवर येण्याचा धोका. तिन्हींना उपाय आहेत म्हणून संप घेतला. तिन्हींनी नंतर त्रास दिला.

१४ मे

संपाचं माप स्टँडच्या पायांमधल्या जागेने ठरवलं: ३ × १.२५ × १.२५ फूट, ८ मिमी काच. कामासकट ₹४,८००. स्टँडचा मधला पाय नसता तर चार फुटी बसला असता. स्टँड वेल्डिंगला देण्याआधी संपाचं माप ठरवा, उलटं करू नका.

आतले कप्पे डावीकडून, मधल्या काचा धरून: २२ सेंमी (पाणी पडतं, वर फ्लॉसचा, म्हणजे बारीक गाळायच्या कापसासारख्या फायबरचा ट्रे), १८ सेंमी (फोम), २६ सेंमी (के-१ मीडिया, म्हणजे जिवाणूंना बसायला प्लॅस्टिकचे फिरते दाणे), २४ सेंमी (पंप). पाण्याची पातळी २६ सेंमी, म्हणजे संपात ८५ लिटर. एकूण पाणी ६५० लिटर. पुढे सगळे डोस याच आकड्यावर.

मीडिया किती? के-१ ला लिटरमागे अर्धा चौरस मीटर वापरता येणारा पृष्ठभाग मिळतो. १२ लिटर म्हणजे ६ चौरस मीटर. रोजच्या ०.९२ ग्रॅमला हे पुरतं, फोम वेगळा. कप्पा अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, दाणे फिरत नाहीत. लिटरला ₹२०० पडले. भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या गुंडाळ्या चालल्या असत्या. स्टीलच्या नकोत, आणि साबण लावलेल्या तर मुळीच नकोत.

१९ मे

टाकीच्या तळाला कोपऱ्यात दोन भोकं. आधी टँक निपल (भोकात बसवून पाइप जोडायचे आटेदार तुकडे) विकत घेतले, आट्यांचा बाहेरचा व्यास मोजला, मग होल सॉ (गोल भोक पाडायची ड्रिलची पाती) आणले: सव्वा इंची निपलला ५० मिमी, एक इंचीला ४० मिमी. दोन्ही होल सॉ ₹१,२००. ‘एक इंची पाइप म्हणजे एक इंची भोक’ असं समजून काच बिघडवणारे बरेच असतात.

डायमंड होल सॉ, ड्रिल अगदी हळू, भोकाभोवती मातीचा बांध करून आत पाणी, काचेखाली लाकडी फळी. सुरुवात तिरकी धरून खाच पाडायची, मग सरळ. एका भोकाला १२ मिनिटं. ड्रिलचं स्वतःचं वजन पुरे, वरून दाब नको. दुसऱ्या भोकात शेवटच्या दोन मिलिमीटरला घाई झाली आणि खालच्या बाजूने ६ मिमीची कपची उडाली. नटाच्या वॉशरखाली ती झाकली गेली म्हणून निभावलं. रबरी वॉशर पाण्याच्या बाजूला, म्हणजे आत. नट हाताने आवळून वर पाव फेरा, पान्याने पिळायचं नाही.

कोपऱ्यात दोन्ही भोकांभोवती १५ सेंमीचा काचेचा बॉक्स, वर दातेरी कड. टाकीचं पाणी या कडेवरून बॉक्समध्ये पडतं आणि तिथून खाली संपात जातं. सिलिकॉन साधं, आंबूस वासाचं. ‘अँटी-फंगल’ लिहिलेलं बाथरूमचं सिलिकॉन माशांना विषारी असतं. सात दिवस वाळू दिलं.

२६ मे

पहिलं पाणी. एका पाइपातून उतार, डर्सो पद्धतीने: वर टी, टोपीला हवेचं बारीक भोक. दुसऱ्या भोकातून परतीचा पाइप वर.

पंप ४,५०० लिटरचा, ८५ वॅट, ₹२,४००. परतीच्या तोंडाशी २० लिटरची बादली धरली, २७ सेकंदांत भरली. म्हणजे तासाला २,६६७ लिटर. सव्वा मीटर चढ आणि चार एल्बो यांनी चाळीस टक्के प्रवाह खाल्ला. खोक्यावरचा आकडा शून्य चढाचा असतो, एवढंच लक्षात ठेवायचं. टाकीच्या पाण्याच्या पावणेपाच पट फिरतंय, ऑस्करला पुरेसं.

आवाज मात्र मोरीचा. सव्वा इंची डर्सो एवढ्या प्रवाहाला काठावर आहे. बॉक्समधलं पाणी चढतं, एकदम गुडगुड करून ओढलं जातं, पुन्हा चढतं. टोपीचं भोक ३ मिमीवरून ५, मग ७ मिमी करून पाहिलं. गुडगुड कमी झाली, फुसफुस वाढली. दोन संध्याकाळी गेल्या.

२ जून

हर्बी पद्धतीला गेलो. सव्वा इंची पाइप पूर्ण भरून वाहणार, त्यावर खाली व्हॉल्व्ह. एक इंची पाइप उंच, मोकळा, फक्त आणीबाणीसाठी. त्यामुळे परतीचा पाइप भोकातून काढून टाकीच्या काठावरून आणावा लागला. (हा बदल पुढे महागात पडला, खाली पाहा.)

व्हॉल्व्ह आधी बॉल व्हॉल्व्ह लावला, ₹२८०. केसभर फिरवला की पातळी दोन सेंमी हलते, जुळतच नाही. काढून गेट व्हॉल्व्ह लावला, तो अर्ध्या फेऱ्याने जुळला. दोन्ही बाजूंना युनियन (हाताने उघडता येणारे जोड) लावा, नाहीतर दर वेळी हेक्झाने पाइप कापावा लागतो. सोल्युशनने चिकटवलेलं एक जोड असंच कापून टाकलं.

आवाज पूर्ण गेला. आता ऐकू येतो तो फक्त एअर पंप.

६ जून

वळवाचा पाऊस, संध्याकाळी वीज गेली. संपानेच संप पुकारला: जमिनीवर जवळपास ३० लिटर पाणी.

कारण साधं आहे आणि आधीच मोजता आलं असतं. काठावरून आणलेल्या परतीच्या पाइपाचं तोंड पाण्याखाली ६ सेंमी होतं. पंप थांबला की तोच पाइप उलटा सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत टाकी खाली ओढतो. टाकीचा एक सेंमी म्हणजे १०.५ लिटर. सहा सेंमीचे ६३ लिटर. संपात वर मोकळी जागा ११ सेंमी, तिथला एक सेंमी ३.३ लिटरचा, म्हणजे ३६ लिटर. उरलेलं फरशीवर.

लगेच नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणला, ₹३५०. तीन दिवसांनी चाचणीत त्याच्या झडपेत वाळूचा एक कण अडकला आणि पाणी झिरपत राहिलं. काढून टाकला. खरा उपाय फुकटचा निघाला: परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीखाली १ सेंमीवर ६ मिमीची दोन भोकं. पातळी तिथवर आली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. आता दातेरी कडेपर्यंतचं पाणी आणि पाइपातलं मिळून २५ लिटर येतात, ३६ च्या आत. दोन भोकं अशासाठी की एक शेवाळाने बुजतं. दर आठवड्याला दात कोरायच्या काडीने साफ करायची.

वीज आल्यावर दुसरी गंमत. मुख्य पाइपाचा सायफन परत सुरूच होईना, सगळं पाणी आणीबाणीच्या पाइपातून खळखळत होतं. मुख्य पाइपाचं खालचं टोक संपात १२ सेंमी बुडालेलं होतं, आतली हवा एवढं पाणी ढकलून बाहेर पडू शकत नव्हती. टोक कापून २ सेंमी बुडेल एवढंच ठेवलं. आता दीड मिनिटात आपोआप लागतो. प्लग काढून-लावून सलग दहा वेळा पाहिलं, मगच पुढे. ही चाचणी २६ मेलाच करायला हवी होती.

१० जून

फिल्टर पिकवायला, म्हणजे त्यात अमोनिया खाणारे जिवाणू वाढवायला सुरुवात, मासे न टाकता. चालत्या टाकीतला एक जुना स्पंज फोमच्या कप्प्यात पिळला. अमोनियासाठी नवसागर, पण रसायनांच्या दुकानातला शुद्ध. कल्हईवाल्याकडचा नको, त्यात धातूंची भेसळ असू शकते. ६५० लिटरला २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनियासाठी ४.१ ग्रॅम. अमोनिया उतरला की पुढचा डोस.

२७ जून

पाचव्या डोसनंतर सगळं ठप्प. अमोनिया १.५ वर अडकला, पाच दिवस हलला नाही. मधल्या काळात बाटलीतले जिवाणू आणून ओतले, ₹८५० वाया. पीएच तपासला तर ६.२. केएच (पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल झेलायची ताकद) जवळपास शून्य.

नळाच्या पाण्याचा केएच इथे ३ अंश भरला. जिवाणू अमोनिया खाताना क्षारता खातात: एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ७ ग्रॅमच्या वर. पाच डोसांपैकी जेवढं खाल्लं गेलं त्याने साधारण २.८ अंश संपले. म्हणजे पाण्यात होतं ते जवळपास सगळं. आणि पीएच इतका पडला की जिवाणू काम सोडतात. पाच दिवस चुकीच्या जागी शोधण्यात गेले. अमोनियाच्या किटबरोबर केएचचं किट घ्यायलाच हवं होतं.

उपाय: ४० टक्के पाणी बदललं, ६० ग्रॅम खायचा सोडा पाण्यात विरघळवून घातला. या टाकीला १ अंश वाढवायला २० ग्रॅम लागतो. दुसऱ्या दिवशी पीएच ७.४, तिसऱ्या दिवशी अमोनिया खाली. मासे टाकीत असताना मात्र असं एकदम करू नका: पीएच चढला की निरुपद्रवी रूपातला अमोनियम विषारी अमोनिया होतो.

पूर्ण खाद्यावर हीच टाकी रोज अर्ध्या अंशाहून अधिक केएच खाईल, म्हणजे नळाचं पाणी आठवडाही टिकणार नाही. म्हणून तिसऱ्यांची शिंपलं ३ किलो, उकळून, घासून, जाळीच्या पिशवीत, फोमच्या पुढे. कोकणातून येणाऱ्यांना सांगितलं की पिशवीभर फुकट मिळतात. ती हळूहळूच विरघळतात, त्यामुळे सोडा पूर्ण सुटत नाही, पण अचानक कोसळणं थांबतं.

८ जुलै

२ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्य, नायट्राइटही (जिवाणू अमोनियाचं आधी बनवतात ते, तेही विषारी) शून्य. ४ लहान ऑस्कर आणि प्लेको टाकले. सिल्व्हर डॉलर दोन आठवड्यांनी.

१३ जुलै

पंप बंद. उघडला तर इम्पेलरमध्ये (पंपाच्या पंख्यात) के-१ चा दाणा. दाणा सेंटिमीटरभर, कप्प्याखालची फट १२ मिमी. पहिले तीन आठवडे नवे दाणे तरंगतात म्हणून फट कोणाच्या लक्षात येत नाही. जिवाणूंचा थर बसून ते जड झाले की खाली फिरायला लागतात आणि निसटतात. आधी मच्छरदाणी लावली, ती दोन दिवसांत चिकट होऊन बंद पडली. मग ६ मिमी भोकांची प्लॅस्टिकची जाळी. ती टिकली.

२० जुलै

नळाला गढूळ पाणी. फ्लॉस दोन दिवसांत तुंबतो, पाणी ट्रेवरून ओसंडून न गाळता पुढे जातं. घरात वापरतात तशी तुरटी पाण्याला लावायचा मोह टाळा, तुरटी आहे तेवढी क्षारताही खाते.

इथे आमचीच मांडणी चुकलेली होती: आधी बारीक फोम, मग जाड. उलटं केलं. आता २० पीपीआय (इंचाला छिद्रं; आकडा मोठा तितका फोम बारीक), मग ३०, आणि फ्लॉस सगळ्यात वर, उचलता येईल असा. गादीवाल्याकडचं उशीत भरायचं फायबर फ्लॉस म्हणून चालतं. हाताला गुळगुळीत, तेलकट लागणारं घेऊ नका, त्यावर सिलिकॉनचा लेप असतो. ट्रे काढणं, फायबर बदलणं, परत लावणं: ४ मिनिटं. फोम टाकीच्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली नाही, क्लोरीनने जिवाणू मरतात.

२८ जुलै

बाष्पीभवन. संपात पातळी फक्त पंपाच्या कप्प्यात उतरते आणि तो कप्पा सेंमीला ०.९ लिटरचाच आहे. मेमध्ये रोज ५ लिटर उडत होते, दोन दिवसांत पंप हवा ओढायला लागायचा. वर काचेची झाकणं ठेवली, आणि कूलरचा फ्लोट बसवून २० लिटरच्या कॅनला जोडला. फ्लोट थेट नळाला जोडू नका. तो अडकला तर कॅनचे २० लिटर सांडतात, नळाचे मोजता येत नाहीत.

४ ऑगस्ट

८५ वॅटचा पंप महिन्याला ६१ युनिट घेतो. ४० वॅटचा डीसी पंप आणला, ₹६,८००. तीच बादली २६ सेकंदांत. महिन्याला ३२ युनिट वाचतात, युनिट सरासरी ₹१० धरला तर ₹३२०. नुसत्या बिलावर वसूल व्हायला पावणेदोन वर्षं, म्हणजे फार मोठा सौदा नाही. घेतला तो २४ व्होल्टवर चालतो म्हणून: १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडल्या की वीज नसतानाही हळू वेगाने फिरतो. सुरुवातीलाच घेतला असता तर ₹२,४०० वाचले असते.

खर्च आतापर्यंत: संप, होल सॉ, पाइप-फिटिंग ₹२,१५०, जुना पंप, फोम ₹९००, के-१ ₹२,४००, एअर पंप ₹१,२००, मिळून ₹१५,०५०. डीसी पंप वेगळा. वाया गेलेले ₹१,९००, त्यात खालच्या नोंदीतले ₹४२० धरलेत. सगळे मिळून ₹२३,७५०. दोन कॅनिस्टर ₹२७,००० ला पडले असते. पैशांचा फरक किरकोळच आहे, संप घेण्याचं कारण ती ४ मिनिटं.

१८ ऑगस्ट

अमोनिया ०, नायट्राइट ०, पीएच ७.४, केएच ३. सध्या खाद्य रोज १२ ग्रॅम. नायट्रेट (अमोनिया खाऊन झाल्यावर शेवटी उरतं ते) आठवड्याला २० ने चढतं: पाणी बदलण्याआधी ४०, निम्मं बदलल्यावर २०. हे गणिताला धरून आहे, आणि खाद्य २५ ग्रॅमवर गेलं की आठवड्याला ४४ होणार. वरच्यापैकी कुठलाही फिल्टर हे काढत नाही. तेव्हा आठवड्यातून दोनदा निम्मं पाणी बदलावं लागेल, आणि ते काम सोपं नसेल तर होणार नाही.

त्यासाठी परतीच्या पाइपाला पाऊण इंची फाटा आणि नळ लावला होता, की पंपच पाणी मोरीत फेकेल. ₹४२० फुकट. पंप फक्त दातेरी कडेच्या वरचं पाणी ओढू शकतो. पंपाचा कप्पा रिकामा झाला की खेळ संपला. टाकी त्याहून खाली उतरतच नाही.

आता क्रम असा: आदल्या रात्री २०० लिटरच्या दोन ड्रममध्ये मिळून २८० लिटर पाणी, त्यात २ ग्रॅम हायपो (क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट) आणि ३० ग्रॅम खायचा सोडा, एअर स्टोन चालू. सकाळी आधी फ्लोटच्या कॅनचा नळ बंद, मग पंप बंद, मग हीटर (संपात असेल तर विसरू नका, उघडा पडला की काच तडकते). एक इंची नळीने टाकीतून मोरीत सायफन, २८० लिटरला ११-१२ मिनिटं. फ्लॉस याच वेळात बदलून होतो. जुना ८५ वॅटचा पंप ड्रममध्ये सोडून पाणी वर चढवायचं. टाकी दातेरी कडेला लागली की पंप सुरू, दोन मिनिटं थांबून मुख्य सायफन लागला का ते पाहायचं, कॅनचा नळ उघडायचा.